एक जूनची माणसं



१ जूनच्या सकाळी आपल्या १९७८ च्या बॅचच्या ग्रुपवर काय धुमाकूळ चालतो हे तुम्हाला ठाऊक आहे. पहाटे साडेपाचला पहिला केक येऊन पडतो, मग फुगे, मग कुणीतरी 'सर्व उत्सवमूर्तींना सामुदायिक शुभेच्छा' असं लिहितं. दुपारपर्यंत फोन तापतो. मीही त्या उत्सवमूर्तींपैकीच एक. दाखल्यावर माझी जन्मतारीख अंकी आणि अक्षरी अशी दोन्ही प्रकारे लिहिलेली आहे : एक जून एकोणीसशे बासष्ट. तीच माझ्या नोकरीच्या सेवापुस्तकात गेली, आधारवर गेली, पासपोर्टवर गेली. खोटी आहे ती.

या स्मरणिकेसाठी पत्ते जमवताना आम्हा तिघांना शाळेने जुनं जनरल रजिस्टर बघायला दिलं. जाड पुठ्ठा, कडेला वाळवीची नक्षी, आत निळी-काळी शाई. पत्ते राहिले बाजूला आणि आम्ही जन्मतारखेच्या रकान्यावरून बोट फिरवत खाली खाली जात राहिलो. १ जून, १ जून, मध्येच एखादी ऑगस्टातली तारीख, पुन्हा १ जून. मोजायला लागलो तर हातापायांची बोटं संपली तरी एक जून संपेनात. तेव्हा वाटलं, यावर हसून झालं, आता जरा शोधूया की हे झालं कसं. इतिहास हा माझा शाळेतला आवडता विषय, एवढ्याच भांडवलावर हे लिहितो आहे.

आधी घरातलं सांगतो. आपल्या आज्यांना तारीख नावाची गोष्ट फारशी लागत नसे. ज्यांच्या घरी भटजींचं येणं-जाणं होतं त्यांच्याकडे पत्रिका असायची आणि पत्रिकेत तिथी. शास्त्रात वाढदिवसाचा विधी आहे, त्याला वर्धापन म्हणतात. तो जन्मतिथीला करायचा, अश्वत्थामा, बळी, व्यास, हनुमान अशा चिरंजीवांचं आणि मार्कंडेयाचं स्मरण करायचं आणि तीळ-गूळ घातलेलं दूध प्यायचं. म्हणजे वाढदिवस आपल्याकडे इंग्रजांनी आणला हे काही खरं नाही. पण हा विधी करणारी घरं थोडी. बाकीच्यांकडे होती ती आठवण. 'भाताच्या लावणीत झालास', 'जोतिबाच्या चैत्र यात्रेच्या आदल्या दिवशी', 'प्लेगात गाव बाहेर पडलं त्या साली'. आपल्यापेक्षा चार-पाच वर्षांनी धाकट्या भावंडांना सोपं गेलं. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा, त्याच्या अलीकडचा की पलीकडचा एवढं विचारलं की अर्धं काम व्हायचं.

सरकारदरबारी नोंद नव्हती असंही नाही. गावचा कोतवाल जन्ममृत्यू टिपून ठेवायचा. तेच कोतवाल बुक, गाव नमुना चौदा. पण त्यात बहुधा बापाचं नाव असायचं आणि पुढे 'मुलगा' किंवा 'मुलगी'. बाळाचं नाव कुठून असणार, बारसं व्हायचं होतं की! पाच पोरांच्या बापाला त्यातला आपला कोणता हे ओळखून काढणं अवघड. मधल्या काळात कुणबी नोंदींसाठी लोकांनी ही बुकं आणि शाळांची रजिस्टरं धुंडाळली, तेव्हा पुष्कळांना पहिल्यांदाच कळलं की आपल्या आजोबांचा जन्म कुठल्याशा कागदावर आहे. देशभर एकसारखा जन्ममृत्यू नोंदणीचा कायदा झाला तो १९६९ साली. आपण तेव्हा पहिली-दुसरीत होतो.

मग आपल्या तारखा आल्या कुठून? शाळेतून. आणि इथे करवीर संस्थानाचा इतिहास आडवा येतो.

राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. मूल शाळेत न पाठवणाऱ्या आई-बापाला महिन्याला एक रुपया दंड. हे आपण चौथीपासून पाठ केलेलं आहे. पण त्याचा एक व्यावहारिक भाग माझ्या ध्यानात कधी आला नव्हता. ठरावीक वयाची सगळी मुलं शाळेत आली पाहिजेत म्हटलं की मूल किती वर्षांचं आहे हे आधी कुणाला तरी ठरवावं लागतं. दंड करायचा तर वय सांगता आलं पाहिजे. ज्या घरात वय 'लावणीच्या वेळचं' असं मोजलं जातं, तिथे ते वर्षात, महिन्यात, तारखेत आणायचं कुणी? मास्तरांनी. शेतकऱ्याच्या, कुंभाराच्या, महारवाड्यातल्या पोराचं वय पहिल्यांदा कुठे लिहिलं गेलं असेल तर ते बहुतेक शाळेच्या पटावर. राजवाड्यातल्या मुलाची तिथी, वार, घटका ज्योतिषी लिहून ठेवायचा. आपल्यासारख्यांचा ज्योतिषी म्हणजे दोन शिक्षकी शाळेतला मास्तर.

त्याची रीत तुम्हाला आठवत असेलच. माझ्या प्रवेशाच्या वेळचा प्रसंग आबा पुढे शंभरदा सांगायचे.

"पोरगं कितीचं?"

"सहाचं असंल की गुरुजी."

"असंल नको. हाय का न्हाई सांगा."

आबा गप्प. मग गुरुजींनी मला जवळ घेतलं, उजवा हात डोक्यावरून पलीकडे नेला आणि बोटं डाव्या कानाला टेकतात का ते पाहिलं. टेकली नाहीत. गुरुजींनी माझं डोकं किंचित कलतं केलं. टेकली. लिहा १ जून बासष्ट.

शाळा जूनमध्ये सुरू होणार, त्या दिवशी सहा वर्षं पुरी झालेली दाखवायची, मग महिन्याची पहिली तारीख सोयीची. एवढंच गणित होतं. पुढे हायस्कुलात येताना प्राथमिकचा दाखला आला आणि आपल्या शाळेच्या कारकुनांनी ती तारीख जशीच्या तशी उतरवून घेतली. एकदा रजिस्टरात चढलेली जन्मतारीख बदलणं म्हणजे काय दिव्य असतं, हे ज्यांनी प्रयत्न केले त्यांना विचारा.

त्यामुळे शाळेत वाढदिवस साजरा व्हायचा तो पाच-सहा जणांचाच. दवाखान्यात जन्मलेल्या, घरी कॅलेंडर असलेल्या मुलांचा. त्या दिवशी त्याला गणवेशातून सूट, अंगात रंगीत शर्ट. हातात लिमलेटच्या किंवा रावळगावच्या गोळ्यांचा पुडा. प्रत्येकाला एक, सरांना दोन. आणि खरी किंमत गोळीला नव्हतीच. पुडा घेऊन दुसऱ्या वर्गांत, शिक्षकांच्या खोलीत जाताना तो बरोबर कुणाला नेणार, याला होती. आठवीत मला एकदा असं नेलं होतं. कुणी नेलं होतं त्याला ते आठवत नाही, मला बाकांच्या रांगा सुद्धा आठवतात. आपल्याला हा दिवस कधीच मिळणार नव्हता, कारण १ जूनला शाळाच उघडलेली नसायची!

'हॅपी बर्थडे'चं गाणं तेव्हा आपण म्हणत नव्हतो. त्याची गंमत मात्र या लेखात बसते म्हणून सांगतो. ती चाल अमेरिकेतल्या केंटकी राज्यातल्या पॅटी आणि मिल्ड्रेड हिल या दोन बहिणींची. पॅटीबाई बालवाडीच्या शिक्षिका. १८९३ साली छापलेल्या त्यांच्या पुस्तकात ते वाढदिवसाचं गाणं नव्हतंच. सकाळी वर्गात येणाऱ्या मुलांना 'सुप्रभात' म्हणायचं गाणं होतं. वाढदिवसाचे शब्द त्यावर नंतर चढले. त्या गाण्याच्या हक्कापोटी एक कंपनी कितीतरी वर्षं पैसे घेत होती, २०१५ साली तिथल्या न्यायालयाने तो दावा फेटाळला. म्हणजे जगभर केक कापताना जे गातात तेही शाळेच्या हजेरीतूनच आलेलं आहे.

आता तारखांच्या घोळाचं. आपण एकटे नाही. शिवाजी महाराजांच्या जन्माच्या दोन मित्या होत्या : वैशाख शुद्ध द्वितीया शके १५४९ आणि फाल्गुन वद्य तृतीया शके १५५१. लोकमान्य टिळकांनी १९१६ साली जेधे शकावली प्रसिद्ध केली आणि दुसरीला बळ आलं. तिचीच इंग्रजी तारीख १९ फेब्रुवारी १६३०, आणि ती सरकारने मान्य केली. पण आपल्या पेठांतली पारंपरिक शिवजयंती वैशाखातच होते. लेझीम, हलगी, रात्रभर मिरवणूक. कोल्हापूरकरांनी वादात एक बाजू घेण्याऐवजी दोन्ही वेळा गुलाल उधळायचं ठरवलं. याला कुणी अडाणीपणा म्हणेल. मला त्यात शहाणपण दिसतं.

आणि खुद्द शाहू महाराज. आपण शाळेत असताना शाहू जयंती २६ जुलैला व्हायची. भर पावसाचे दिवस, पंचगंगा घाटाच्या पायऱ्या गिळून वर आलेली, आणि आपली प्रभातफेरी दसरा चौकातल्या पुतळ्याकडे भिजत निघालेली. १९७४ हे जन्मशताब्दीचं वर्ष, आपण सातवीत. घोषणा देऊन घसा बसला होता आणि माझी एक चप्पल बिंदू चौकात चिखलात राहिली होती. पुढे संशोधकांनी कागदपत्रं तपासून जन्मतारीख २६ जून १८७४ अशी ठरवली. शासनानेही ती मान्य केली, आज तोच सामाजिक न्याय दिन. ही बातमी मी आईला वाचून दाखवली. महाराजांचा जन्म एक महिना अलीकडे आला म्हणून सांगितलं. आई तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "त्यांचीबी तारीख गुरुजींनीच लिवली हुती काय?"

२६ जुलै मात्र कोल्हापुरातून पुसली जायची नाही. मागासवर्गीयांसाठी संस्थानच्या नोकऱ्यांत निम्म्या जागा राखून ठेवणारा महाराजांचा हुकूम २६ जुलै १९०२ चा.

त्याच दिवशी मी आईला माझ्या जन्माचं नीट विचारलं. इतकी वर्षं 'नवरात्रात झालास' एवढंच माहीत होतं. ती म्हणाली, पंचमीला. ललितापंचमीला अंबाबाईची पालखी टेंबलाईच्या टेकडीवर बहिणीच्या भेटीला जाते, कोहळा फुटतो आणि त्याचा तुकडा मिळवायला लोक एकमेकांच्या अंगावर पडतात. आमच्या गल्लीची सुईण त्या दिवशी कोहळा बघायला टेकडीवर गेलेली. आबा सायकलवरून तिला शोधायला गेले. त्या गर्दीत बाई सापडायची कशी! शेवटी शेजारच्या काकूंनीच मोकळं केलं आणि सुईणबाई संध्याकाळी कोहळ्याची फोड पदराला बांधून आल्या. ती फोड म्हणे बरेच दिवस माझ्या पाळण्याला होती.

म्हणजे माझा जन्म बासष्टच्या आश्विनातला. गुरुजींनी मला चार महिन्यांनी मोठा केला. नाहीतर वर्ष वाया गेलं असतं आणि मी तुमच्या वर्गात नसतो. त्याची किंमत पुढे वसूल झाली. महिन्याच्या पहिल्या तारखेला जन्मलेला सरकारी नोकर आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो. म्हणूनच ३१ मेला महाराष्ट्रातल्या कचेऱ्या आणि शाळा एकदम रिकाम्या होतात, निरोपसमारंभाचे नारळ कमी पडतात. मी अठ्ठावन्न पुरे करून ३१ मे २०२० ला निवृत्त झालो. लॉकडाऊन. ना हार, ना नारळ. टाळं लावणाऱ्या शिपायाने लांबूनच हात जोडले आणि मी मोटरसायकलवरून ओस महाद्वार रोडने घरी आलो.

हे मी विनोद म्हणून सांगत आलो. पण रजिस्टर पाहिल्यावर मी काही जणांना फोन केले, आणि तेव्हापासून १ जूनच्या विनोदात तितकं मन लागत नाही.

आपल्यातला एक जण ग्रुपवर त्या दिवशी कधीच काही लिहीत नाही. मला वाटायचं फोन बघत नसेल. त्याला त्याच्या थोरल्या भावाबरोबर एकाच दिवशी शाळेत घातलेलं. लहान एकटा घरी रडतो, म्हशीच्या मागे कोण लक्ष देणार, त्यापेक्षा दोघं बरोबर जातील. त्यासाठी त्याचं वय जवळजवळ दीड वर्षाने वाढवलं. कुस्ती, धावणं, लांब उडी यांत त्याच्या पुढे कोण होतं? कुणी नाही. भरतीला उभा राहिला तेव्हा मोजमाप, धाव सगळ्यात पास. कागद तपासताना वय काही महिन्यांनी जास्त भरलं. आईने येऊन सांगितलं, पाया पडली, पण आईचं सांगणं म्हणजे दाखला नव्हे. मग तो उद्यमनगरात फौंड्रीत लागला आणि तिथेच केस पांढरे झाले. फोनवर तो चिडला नाही. म्हणाला, "गुरुजींचा राग नाही रे. त्यांनी लिहिलं नसतं तर मी शाळेतच आलो नसतो. पण तुम्ही ते फुगे टाकता ना, ते नको वाटतं."

यावर काय बोलायचं मला सुचलं नाही. 'खरंय' म्हणालो.

दुसरा फोन आपल्या एका मैत्रिणीला. नाव घालू नको म्हणाली, बाकी लिहायला तिची हरकत नाही. तिची खरी तारीख घरात सगळ्यांना पक्की माहीत होती. वर्ष, वार, वेळ सगळं. तिला जन्म देताना आई गेली. त्यामुळे तो दिवस आला की घरात चूल उशिरा पेटायची, आजी सकाळपासून गप्प, वडील मळ्यात निघून जायचे. "माझा वाढदिवस म्हणजे आमच्याकडे आईचं श्राद्ध," ती म्हणाली. शाळेत घालताना वडिलांनी तारीख सांगितलीच नाही. बाईंनी विचारलं, ते खाली बघत राहिले. बाई समजल्या की नाही कोण जाणे, त्यांनी १ जून लिहिला. ती म्हणाली, "आयुष्यात मला मिळालेली ही सगळ्यात चांगली भेट आहे. त्या तारखेला कुणी मेलेलं नाही. नातवंडं १ जूनला केक आणतात, मी पोटभर खाते. तू लेखात खोटी तारीख, खोटी तारीख असं फार लिहू नकोस."

लेखाच्या सुरुवातीला मी 'खोटी आहे ती' असं लिहिलं आहे. ते खोडलं नाही, कारण माझ्यापुरतं ते खरं आहे. तिच्यापुरतं नाही, एवढं इथे नोंदवून ठेवतो.

आता हा प्रकार संपल्यात जमा आहे. २०२३ च्या ऑक्टोबरपासून जन्मणाऱ्या मुलांना शाळाप्रवेशापासून पुढे सगळीकडे जन्माचा दाखलाच लागणार. माझ्या नातीची तर जन्माची मिनिटंसुद्धा लिहिलेली आहेत. मागच्या वाढदिवसाला सुनेने आधी औक्षण केलं, निरांजन, सुपारी, अंगठी सगळं रीतसर, मग केक, आणि नंतर आम्ही सगळे गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावर जाऊन धारोष्ण दूध प्यालो. तीळ-गूळ तेवढं राहिलं. तिला तीन वाढदिवस एका दिवशी मिळाले आणि तिन्ही तिचेच.

स्नेहमेळाव्याच्या नोंदणी अर्जात आम्ही एक रकाना वाढवला आहे. दाखल्यावरची जन्मतारीख शाळेकडे आहेच. या रकान्यात घरी जे सांगितलं गेलं ते लिहायचं. तिथी, सण, पूर, दुष्काळ, काहीही चालेल. ज्यांना लिहायचं नाही त्यांनी कोरा ठेवावा, कुणी विचारणार नाही. १ जूनलाच राहायचं असेल तर १ जून लिहावा. अर्ज यायला लागले आहेत. एकाने 'नागपंचमीची भाकणूक' असं लिहिलं आहे, ते आम्हाला कळलेलं नाही, त्याने मेळाव्यात समजावून सांगावं. फौंड्रीवाल्या मित्राने 'बेंदूर' लिहिलं आहे. मी फोन करून विचारलं, कर्नाटकी बेंदूर की महाराष्ट्रीय? दोन्हींत महिन्याभराचं अंतर पडतं. तो म्हणाला, आईला विचारतो. तिची नव्वदी उलटली आहे. तिसऱ्या दिवशी त्याचा फोन आला : ती सकाळी एक सांगते आणि संध्याकाळी दुसरं, पण बैलाच्या शिंगांना हिंगूळ लावताना कळा सुरू झाल्या हे दोन्ही वेळेला सांगते.